वीजगाडीचा पिकअप किती वर्षे टिकतो?

आपल्या तालुक्याच्या गावांतून आता विजेवर चालणाऱ्या लहान गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणा डॉक्टरांनी नवी घेतली आहे, कुणा शिक्षकांनी शहरातून वापरलेली आणली आहे. अशी गाडी पारापाशी उभी राहिली की भोवती चार माणसे जमतात आणि दोन मते हमखास ऐकू येतात. एक जण म्हणतो, "हिला इंजिनच नाही, मग झिजणार काय? खुशाल पाय दाबा." दुसरा म्हणतो, "छे, छे! पाय हलका ठेवा. जोरात पळवली की बॅटरी बसलीच म्हणून समजा." ही दोन्ही मते अर्धीच खरी आहेत. उरलेले अर्धे काय आहे, ते आज आपण पाहू. गाडी घेणाऱ्याच्या पैशाचा हा प्रश्न आहे, तसाच रस्त्यावरच्या जिवाचाही आहे.

जिवाचा म्हणतो त्याला कारण आहे. मी एका तंत्रशाळेत शिकवतो. विजेचे शिक्षण घेतलेला माणूस. पण या बाबतीत मी स्वतःच फसलो होतो. गेल्या पौषातली गोष्ट. मी आणि माझे एक सहकारी, त्यांना आम्ही सारे गुरुजीच म्हणतो, भल्या पहाटे आजऱ्याहून गडहिंग्लजकडे निघालो होतो. गाडी माझीच, लहान, विजेवरची, सहा वर्षे वापरलेली. रात्रभर उघड्यावर उभी होती. बोचरी थंडी होती. चार्जिंग १८ टक्के उरले होते. पण मुक्काम जवळचा, म्हणून मी फिकीर केली नाही. कारखान्याचा हंगाम चालू होता. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, चाल बैलगाडीपेक्षा थोडी जास्त. रस्ता मोकळा दिसला तसा मी गाडी बाहेर काढली आणि पाय पूर्ण दाबला. एरवी ही गाडी पाठीला धक्का देऊन उठते. त्या दिवशी ती उठलीच नाही. सरकत राहिली. मी दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो आणि समोरच्या वळणावर एस.टी.चे दिवे दिसले.

मी पाय काढला, ब्रेक लावला आणि पुन्हा ट्रॅक्टरच्या मागे आलो. एस.टी. निघून गेली. कुणाला इजा झाली नाही. थोड्या वेळाने गुरुजी म्हणाले, "सर, गाडी आज दमली होती, का म्हातारी झाली?"

मी म्हणालो, "गुरुजी, दोन्ही."

श्रोतेहो, गुरुजींच्या या एका प्रश्नात आजचा सारा विषय आला आहे. बैल दमतो आणि बैल म्हातारा होतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शेतकऱ्याला सांगायला नको. दमलेल्या बैलाला वैरण घातली, सावलीत बांधला, की तो उद्या पुन्हा तसाच ओढतो. म्हाताऱ्या बैलाला कितीही पेंड चारली तरी गेलेला जोर परत येत नाही. वीजगाडीचेही तसेच आहे. तिचा थकवा कोणता आणि वार्धक्य कोणते, हे ओळखता आले पाहिजे.

आधी हे पाहू की या गाडीला एवढा जोर येतो कुठून. पेट्रोलच्या इंजिनाला जागेवरून निघताना जोर नसतो. ते काही फेऱ्यांपर्यंत चढावे लागते, तेव्हा कुठे त्याची ताकद लागते. म्हणून तर गियर आणि क्लच यांची योजना. विजेच्या मोटरचे उलटे आहे. ती थांबलेली असतानाच तिच्या अंगी फिरवण्याचा पुरा जोर असतो. त्यामुळे लहानशी वीजगाडीसुद्धा चौकातून अशी सुटते की शेजारचा मोटरसायकलवाला मान वळवून पाहतो. ही गोष्ट आजची नव्हे. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ आशेर येथे कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने गाडी पळवली. ताशी शंभर किलोमीटरची वेस ओलांडणारी ती पहिली मोटारगाडी, आणि ती विजेवर चालणारी होती.

मोटर एवढी दणकट असते, की गाडीच्या आयुष्यात तिचा जोर फारसा घटत नाही. घटते ते बॅटरीचे. आता बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी आहे असे समजा. टाकीचे दोन गुण असतात. एक, तिच्यात पाणी किती मावते. दुसरा, तिचा नळ किती मोठा आहे, म्हणजे एका वेळी पाणी किती जोराने येते. गाडी एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाईल, हे टाकीवर अवलंबून असते. पाय दाबल्यावर गाडी किती चटकन उठेल, हे नळावर अवलंबून असते. बॅटरी जुनी होते तेव्हा या दोन्ही गोष्टी बिघडतात: टाकी लहान होते आणि नळाला आतून गंज चढून तो अरुंद होतो. या गंजालाच विजेच्या भाषेत अंतर्गत रोध म्हणतात. आपण मात्र गाडी पारखताना "किती किलोमीटर जाते?" एवढेच विचारतो. टाकी मोजतो, नळ मोजत नाही.

शिक्षक मित्रांसाठी येथे थोडे गणित मांडतो. फळ्यावर सहज करून दाखवता येईल. दोन माणसांसह गाडीचे वजन १,२०० किलो धरा. ती थांबलेल्या स्थितीतून ताशी ६० किलोमीटर वेगाला आणायची, तर तिला सुमारे १,६७,००० जूल एवढी ऊर्जा द्यावी लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा हा खर्च झाला एका युनिटाचा सुमारे एकविसावा हिस्सा. गाडी ६ सेकंदांत उठवा, नाही तर १२ सेकंदांत. हा खर्च तोच. मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो प्रवाहात. बॅटरी ३०० व्होल्टची धरली, तर १२ सेकंदांत उठवताना सरासरी ४६ ते ४७ अँपिअर प्रवाह लागतो आणि ६ सेकंदांत उठवताना सुमारे ९३. आता जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केलेला नियम आठवा: तापणे हे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट झाला की दर सेकंदाची उष्णता चौपट होते. वेळ मात्र निम्मा लागला, म्हणून एकूण उष्णता दुप्पट. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरला, तर सावकाश उठवताना आत सुमारे २,६०० जूल वाया जातात आणि जोरात उठवताना सुमारे ५,२००. शंभरातले दीड आणि शंभरातले तीन. म्हणजे एखाद्या वेळी पाय दाबलात म्हणून आभाळ कोसळत नाही. पण हेच दर दोन मिनिटांनी केलेत, भर उन्हात केलेत, घाट चढताना केलेत, तर उष्णता साठत जाते. मग गाडीतली नियंत्रक यंत्रणा आपणहून प्रवाह कमी करते. हा झाला पहिला थकवा, उष्णतेचा. गाडी थंड झाली की तो जातो.

घाटाचे नाव काढले म्हणून सांगतो. सावंतवाडीहून आंबोलीला चढताना गाडी सुमारे ६०० मीटर उंची गाठते. १,२०० किलो वजन तेवढे वर न्यायला, बाकीचा खर्च सोडून, जवळजवळ २ युनिटे लागतात. लहान गाडीची बॅटरी २० युनिटांची धरली, तर तिचा दहावा हिस्सा केवळ उंचीत गेला. तेव्हा घाटाच्या पायथ्याशीच बॅटरी तळाला गेलेली नसावी, हे ओघाने आलेच.

दुसरा थकवा तळाचा. बॅटरी खाली होत जाते तसा तिचा दाब, म्हणजे व्होल्ट, उतरत जातो. त्यातून ९३ अँपिअर ओढले की ०.१ ओहम रोधापायी आणखी सव्वानऊ व्होल्ट पडतात. रोध दुप्पट झालेला असला तर साडेअठरा. घटाचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला तर तो कायमचा बिघडू शकतो; म्हणून नियंत्रक यंत्रणा तिथवर जाऊ देत नाही, आधीच मोटरचा हात आखडता घेते. काही गाड्यांत अशा वेळी कासवाचे चित्र उजळते. ते चित्र करमणुकीसाठी नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरा थकवा थंडीचा. बॅटरीच्या आतली हालचाल थंडीत मंदावते आणि रोध वाढतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून आपण हे विसरतो. पण पौषातल्या पहाटेचा फरकही जुन्या बॅटरीला जाणवतो. आमच्या त्या सकाळी तळ, थंडी आणि वय अशी तिन्ही एकत्र आली होती. नवी गाडी असती तर पहिल्या दोन गोष्टी तिने सोसल्या असत्या.

आता वार्धक्याकडे वळू. ते कशाने येते? जोरात पळवल्याने की आणखी कशाने? येथे जुना अनुभव आणि नवा अनुभव वेगळे आहेत. बेंगळुरूला २००१ साली रेवा नावाची लहान वीजगाडी निघाली. तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या, ४८ व्होल्टच्या. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव प्योकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ सालीच नियमात बसवला होता: सावकाश उपसा, तर ती जास्त देते, भराभर उपसा, तर कमी देते. म्हणजे पाय दाबून चालवणाऱ्याचे किलोमीटर तिथल्या तिथे घटत. "पाय हलका ठेवा" हा उपदेश त्या गाड्यांच्या काळात शंभर टक्के खरा होता, आणि तोच आपल्या कानांत राहिला आहे.

आजच्या गाड्यांत लिथियमच्या बॅटऱ्या असतात. त्यांना हा दोष फार कमी आहे. त्यांचे म्हातारपण वेगळ्या वाटेने येते. या बॅटरीच्या एका ध्रुवावर ग्रॅफाइट असते. त्याच्या पृष्ठभागावर, दुधावर साय धरावी तसा, एक पातळ थर धरतो. हा थर हवाच असतो. तो नसेल तर बॅटरी टिकणार नाही. पण तो वर्षानुवर्षे जाड होत जातो. त्यात थोडे थोडे लिथियम अडकून पडते, म्हणून टाकी लहान होते. आणि वाट अडते, म्हणून नळ अरुंद होतो. साय जाड व्हायला गाडी पळवावीच लागते असे नाही. गाडी नुसती उभी असली तरी ती वाढते. उष्णता जास्त आणि चार्जिंग काठोकाठ असले की भराभर वाढते.

याचे उदाहरण अमेरिकेत घडले. निसान कंपनीची लीफ ही गाडी डिसेंबर २०१० पासून तिथे विकली जाऊ लागली. तिच्या बॅटरीला पाण्याने थंड ठेवण्याची सोय नव्हती. ॲरिझोना हा तिथला कडक उन्हाचा मुलूख. २०१२ साली तिथल्या मालकांच्या तक्रारी आल्या की बॅटरीची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटते आहे. थंड प्रदेशातल्या तशाच गाड्या मात्र बऱ्या होत्या. पुढल्याच वर्षी कंपनीला क्षमतेची हमी द्यावी लागली: पाच वर्षांत किंवा ६०,००० मैलांत बारापैकी नऊ रेघांखाली बॅटरी गेली तर ती दुरुस्त करू अथवा बदलून देऊ. श्रोतेहो, ॲरिझोनाचे ऊन विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. वैशाखात दिवसभर पत्र्याच्या छपराखाली, शंभर टक्के चार्ज करून उभी ठेवलेली गाडी एक किलोमीटर न चालताही म्हातारी होत असते.

मग पाय दाबल्याने काहीच होत नाही का? याविषयी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक लांबलचक प्रयोग केला. त्यांनी ९२ लिथियम घट घेतले आणि दोन वर्षे ते निरनिराळ्या रीतींनी चार्ज केले, रिकामे केले. काही घटांतून एकसारखा प्रवाह काढला. काहींतून खऱ्या रस्त्यावर निघतो तसा कमीजास्त प्रवाह काढला: मधेच उसळी, मधेच ब्रेक, मधेच विश्रांती. डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी प्रवाह तोच ठेवला, तर चढउतार सोसलेले घट एकसारख्या प्रवाहाच्या घटांपेक्षा ३८ टक्क्यांपर्यंत जास्त टिकले. पुष्कळांची अपेक्षा याच्या उलट होती. अर्थात हे घट एकाच जातीचे होते आणि प्रयोगशाळेतले होते. "सरासरी तोच" ही अटही विसरू नये. दिवसभर भरधाव पळवणाऱ्याला यातून परवाना मिळत नाही. पण गरज पडली तेव्हा दोन-चार सेकंद पाय दाबला म्हणून बॅटरीचे आयुष्य गेले, ही भीती मात्र बाळगू नये. जोरात उठवण्याचा खर्च दिसतो तो आधी टायरांवर. टायर रस्त्याला घासतात आणि लवकर बदलावे लागतात.

आता वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

विकणारा गाडी दाखवतो ती नेहमी भरलेली दाखवतो. भरलेली बॅटरी म्हातारीसुद्धा तरुणासारखी उठते. म्हणून सौद्याआधी म्हणा, "भाऊ, चार्जिंग वीस-पंचवीस टक्क्यांवर येऊ द्या, मग चालवून बघतो." मोकळा, सरळ रस्ता पाहा. गाडी ताशी २० वर ठेवा आणि ६० पर्यंत न्या. शेजारी बसलेल्याने सेकंद मोजावेत. हेच भरल्या बॅटरीवर करा. दोन आकड्यांत थोडा फरक असणारच. फरक फार असेल, तर नळाला गंज चढला आहे असे समजा आणि किंमत त्या हिशेबाने बोला. पुष्कळ कंपन्यांची बॅटरीवर आठ वर्षांची हमी असते. पण ती बहुधा क्षमतेची, म्हणजे टाकीची असते. पिकअपचा शब्द तिच्यात आहे का, ते कागद वाचून पाहा.

घरी गाडी असेल तर एक वही घाला. दर तीन महिन्यांनी तोच रस्ता, तेवढीच माणसे, तेवढेच चार्जिंग ठेवून सेकंद लिहा. तारीख आणि हवा थंड होती की गरम, तेही लिहा. आकडा हिवाळ्यात वाढला आणि उन्हाळ्यात उतरला, तर तो थकवा. दरवर्षी वाढतच गेला, तर ते वार्धक्य. शाळेत ही वही विज्ञानाच्या तासाला नेली, तर आलेख काढायला यापेक्षा चांगले साधन मिळणार नाही.

गाडी सावलीत ठेवा. आंब्याची असो की कौलारू पडवीची. लांबच्या प्रवासाला निघायचे नसेल तर काठोकाठ भरून दिवसेंदिवस उभी ठेवू नका, आणि तळाला नेऊनही सोडू नका. काही जातींच्या बॅटऱ्यांना अधूनमधून पूर्ण भरावे लागते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहा आणि तसे वागा. उन्हातून तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावण्याऐवजी तासभर निवू द्या.

आणि शेवटची गोष्ट, जी मला पैशापेक्षा मोठी वाटते. पुढच्या वाहनाला ओलांडताना आठवणीतल्या गाडीवर विसंबू नका. आज हातात आहे त्या गाडीवर विसंबा. आमच्या त्या उसाच्या ट्रॅक्टरचेच गणित पाहा. ट्रॅक्टरच्या चालीने निघून, त्याच्यापेक्षा ४० मीटर जास्त जायचे आहे. गाडी दर सेकंदाला २ मीटरने वेग वाढवू शकत असेल, तर साधारण सव्वासहा सेकंद लागतात. तोच जोर निम्मा झाला, तर सुमारे नऊ. फरक केवळ पावणेतीन सेकंदांचा. पण तेवढ्या वेळात समोरून ताशी ६० किलोमीटरने येणारी एस.टी. ४० मीटरांहून अधिक जवळ येते. त्या पहाटे ते ४० मीटर माझ्या हिशेबात नव्हते. म्हणून ओलांडण्याआधी मागे असतानाच, सुरक्षित अंतर राखून, एकदा हलकेच पाय दाबून गाडीचा जोर अजमावा. चार्जिंग तळाला असेल, पहाट थंड असेल, कासव उजळले असेल, तर ट्रॅक्टरच्या मागेच राहा.

त्या दिवशी आम्ही गडहिंग्लजपर्यंत ट्रॅक्टरच्या मागेच गेलो. शाळेत पोचायला दहा मिनिटे उशीर झाला. हजेरीवहीत सही करता करता गुरुजी म्हणाले, "सर, ही वेळ तुमच्या वहीत लिहून ठेवा. ती आपल्याला लई स्वस्तात पडली."

मी ती लिहून ठेवली आहे.